पासवर्ड मॅनेजर: नाशिककर वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पासवर्डविषयी आलेल्या पत्रांत चोरीची भीती ठळक आहे. पण वाचकांनी कळवलेले प्रत्यक्ष घोळ बघितले, तर त्यातले बरेचसे चोराने केलेले नाहीत. खातं ज्याचं, तोच बाहेर अडकला आहे. म्हणून पासवर्ड घट्ट करण्याइतकाच परत आत शिरण्याच्या सोयीवर आम्ही भर दिला आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: माझे सगळे पासवर्ड एका डायरीत आहेत. मुलगा म्हणतो पासवर्ड मॅनेजर घ्या. पण सगळं एकाच ठिकाणी ठेवलं आणि तेच फुटलं तर? आणि घ्यायचाच तर कुठला? (निवृत्त कर्मचारी, ओझर)

डायरी घरात नीट ठेवली असेल तर तिला नावं ठेवण्याचं कारण नाही. दूर कुठेतरी बसलेला चोर तुमच्या कपाटातली डायरी वाचू शकत नाही. अडचण येते ती डायरीमुळे लागणाऱ्या सवयींची. दर वेळी बघून टाइप करायचा म्हणून पासवर्ड छोटा ठेवला जातो आणि तोच थोडाफार बदलून दहा ठिकाणी लावला जातो. शहराचं नाव, मग ॲटचं चिन्ह, मग ४२२००१ हा पिनकोड, असा पासवर्ड साइटच्या सगळ्या नियमांत बसतो, पण अंदाज बांधणाऱ्या यंत्राला तो अवघड नाही. एखाद्या किरकोळ खरेदीच्या साइटवरून ग्राहकांची यादी फुटली की त्यातली ईमेल-पासवर्डची जोडी इतर शेकडो साइटवर आपोआप लावून बघितली जाते. पासवर्ड मॅनेजरचा खरा उपयोग इथे आहे. प्रत्येक खात्याला वेगळा, २० अक्षरांचा, कुणालाही न सुचणारा पासवर्ड तोच तयार करतो आणि तोच लक्षात ठेवतो.

"तेच फुटलं तर" ही शंका रास्त आहे, कारण तसं घडलेलं आहे. २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड मॅनेजर कंपनीकडून ग्राहकांच्या व्हॉल्टच्या, म्हणजे सगळे पासवर्ड ठेवलेल्या तिजोरीच्या, बॅकअप प्रती चोरीला गेल्या. आतले पासवर्ड एन्क्रिप्ट केलेले (किल्लीशिवाय वाचता न येणारे) होते, पण कुणाचं खातं कुठल्या साइटवर आहे ते पत्ते उघडे होते. ज्यांचा मास्टर पासवर्ड, म्हणजे ही तिजोरी उघडणारा पासवर्ड, कमकुवत होता आणि खातं जुन्या सेटिंगवर राहिलं होतं, त्यांना सर्वाधिक धोका होता. चांगल्या पासवर्ड मॅनेजरमध्ये व्हॉल्टची किल्ली मास्टर पासवर्डपासून तुमच्याच उपकरणावर तयार होते, कंपनीकडे ती नसते. त्यामुळे फाइल चोराच्या हाती पडली तरी पुढचं सारं तुमच्या मास्टर पासवर्डच्या ताकदीवर ठरतं.

कुठला घ्यावा? क्रोममधला गूगल पासवर्ड मॅनेजर फुकट आहे आणि अँड्रॉइड फोनवर आधीपासूनच असतो. पण फोनचा पिन ज्याला माहीत आहे त्याला ते पासवर्ड बघता येतात. घरात नातवंडांनाही पिन पाठ असेल तर याचा आधी विचार करा. कीपासएक्ससी कॉम्प्युटरवर आणि कीपासडीएक्स अँड्रॉइडवर चालतं. त्यात सगळं एका फाइलमध्ये तुमच्याजवळच राहतं, कंपनी मध्ये येत नाही, पण फाइलची प्रत काढून ठेवायची जबाबदारी पूर्ण तुमची. बिटवॉर्डनच्या मोफत योजनेत कितीही पासवर्ड आणि कितीही उपकरणं चालतात. कॉम्प्युटर आणि फोन दोन्ही वापरणाऱ्या घरगुती माणसाला आम्ही बिटवॉर्डन सुचवू. पुढची उत्तरंही तेच धरून दिली आहेत.

सगळी डायरी एका बैठकीत उतरवू नका. पहिल्या दिवशी मुख्य ईमेल, कारण इतर सगळ्या खात्यांचे 'पासवर्ड विसरलात?' हे दुवे तिथेच येतात. मग बँक, आयकर, डिजिलॉकर. बाकीची खाती जसजशी उघडाल तसतशी भरत जा. एटीएमचा आणि यूपीआयचा पिन मात्र यात घालू नका, तो डोक्यातच राहू द्या.

प्रश्न: मास्टर पासवर्ड मराठीत ठेवला तर जास्त सुरक्षित होईल का? (शिक्षिका, कॉलेज रोड)

शब्द मराठी ठेवा, लिपी नको. दुसऱ्याच्या फोनवर किंवा नव्या कॉम्प्युटरवर देवनागरी कीबोर्ड नसेल तर तुम्ही दाराबाहेरच. शिवाय 'ऱ्य'मधल्या 'ऱ'सारखी काही अक्षरं दोन प्रकारे साठवली जातात. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण पासवर्ड म्हणून ती वेगळी मोजली जाऊ शकतात.

इंग्रजी अक्षरांत मराठी शब्द लिहिताना स्पेलिंग फसवतं. 'द्राक्ष' आज एका स्पेलिंगने लिहाल आणि दोन महिन्यांनी शेवटी एक 'ए' जास्त लावाल. म्हणून एकच स्पेलिंग शक्य असलेले शब्द घ्या. मडकं, वांगी, चाळीस यांत घोटाळा होतो. बस, गरम, नळ यांत सहसा होत नाही.

शब्द स्वतः सुचवायचे नाहीत, फाशावर सोडायचे. माणसाला सुचणारे शब्द देवाचं नाव, मुलांची नावं, गाव, नाहीतर गाण्याची ओळ इथेच घुटमळतात. यासाठी डाइसवेअर नावाची पद्धत आहे. ७,७७६ शब्दांची यादी असते, फासा पाचदा टाकायचा, आलेल्या पाच आकड्यांपुढचा शब्द घ्यायचा. असे सहा शब्द भरपूर झाले. त्या याद्या इंग्रजी आहेत. मराठीच हवं असेल तर २१६ छोट्या शब्दांची घरची यादी करा आणि प्रत्येक शब्दासाठी फासा तीनदा टाका. यादी लहान असल्यामुळे शब्द जास्त लागतील, दहा घ्या. शब्द जसे आले तसेच ठेवायचे. अर्थ लागेना म्हणून एखादा बदलला की फाशाचा उपयोग तिथेच संपतो.

पहिले काही दिवस रोज एकदा मास्टर पासवर्ड पूर्ण टाइप करा. लगेच बोटाच्या ठशावर गेलात तर महिन्याभरात विसराल, हे अगदी नेहमी घडतं.

प्रश्न: फोन बिघडला म्हणून नवा घेतला. मास्टर पासवर्ड बरोबर टाकला, तर ॲप म्हणतं ईमेलवर कोड पाठवला आहे. ईमेलचा पासवर्ड त्याच ॲपमध्ये! आता काय करू? (सिडको)

आधी सुटका. ज्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये बिटवॉर्डनचं एक्सटेन्शन (ब्राउझरला जोडलेलं छोटं ॲप) आधीपासून लॉगिन आहे, तिथे जा. 'लॉक' झालेलं असेल तर मास्टर पासवर्डने उघडेल, कारण त्या उपकरणावर व्हॉल्टची प्रत असते. तिथे चुकूनही 'लॉग आउट' दाबू नका. लॉक आणि लॉग आउट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लॉग आउट केलं की प्रत पुसली जाते आणि पुन्हा कोडची मागणी येऊ शकते. उघडल्यावर ईमेलचा पासवर्ड कागदावर उतरवा आणि नवा फोन लावून घ्या. असं दुसरं उपकरणच नसेल तर ईमेल कंपनीच्या खातं परत मिळवण्याच्या मार्गाने जावं लागेल. ते घरच्या वायफायवरून, पूर्वी वापरलेल्या कॉम्प्युटरवरून करा. ओळखीचं उपकरण आणि ओळखीची जागा असली की गूगलची खात्री पटण्याची शक्यता वाढते.

असं का झालं? ज्या खात्यावर टू-स्टेप लॉगिन (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागण्याची सोय) लावलेलं नाही, त्याला नव्या उपकरणावर ईमेलचा कोड विचारायला बिटवॉर्डनने २०२५ पासून सुरुवात केली. उद्देश चांगलाच आहे. पण व्हॉल्टला ईमेल लागतो आणि ईमेलला व्हॉल्ट, असं चक्र तयार होतं. ऑथेंटिकेटर ॲप लावून टू-स्टेप सुरू केलं तरी चक्र सुटेलच असं नाही. ते ॲप त्याच बिघडलेल्या फोनवर असतं आणि त्याचं कोड दाखवण्याचं काम तिथेच थांबतं.

हे चक्र कागदाने तुटतं. कोऱ्या कागदावर पेनाने पुढच्या गोष्टी लिहा: बिटवॉर्डनचा ईमेल पत्ता, मास्टर पासवर्ड, मुख्य ईमेलचा पासवर्ड, बिटवॉर्डनचा ३२ अक्षरी रिकव्हरी कोड आणि गूगलचे दहा बॅकअप कोड. रिकव्हरी कोड टू-स्टेप लॉगिनच्या सेटिंगमध्ये सापडतो. त्याने फक्त टू-स्टेप बंद होतं, मास्टर पासवर्ड तरीही लागतोच. गूगलचे कोड आठ अंकी असतात आणि प्रत्येक एकदाच चालतो, वापरलेल्यावर काट मारा. कागदाच्या दोन प्रती करा. एक घराच्या कागदपत्रांसोबत, दुसरी वेगळ्या घरात राहणाऱ्या भरवशाच्या नातेवाइकाकडे, बंद पाकिटात. फोटो काढून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवणं हा याला पर्याय नाही. तो फोटो गॅलरीत जातो, तिथून क्लाउडवर, आणि मग कुठे कुठे ते तुमच्याही लक्षात राहत नाही.

कागद झाला की तालीम करा. ही पायरी लोक हमखास गाळतात, म्हणून मुद्दाम सांगतो. दुसऱ्या कॉम्प्युटरवर प्रायव्हेट विंडो उघडा, फोन बाजूच्या खोलीत ठेवा, आणि फक्त कागद बघून आधी ईमेल, मग व्हॉल्ट उघडतो का बघा. शून्य आणि 'ओ', एक आणि छोटा 'एल' यांतला लिहिण्यातला गोंधळ या तालमीतच सापडतो. व्हॉल्टने टू-स्टेपचा कोड मागितलाच तर तेवढ्यापुरता फोन बघा, तालमीत रिकव्हरी कोड मात्र वापरू नका. वापरलात तर टू-स्टेप पुन्हा सुरू करून नवा कोड लिहावा लागेल.

प्रश्न: बँकेच्या साइटवर आधी पासवर्ड आपोआप भरला जायचा. आता येतच नाही. ॲप बिघडलं का? (नाशिक रोड)

ॲप चोख काम करत आहे. रिझर्व्ह बँकेने बँकांना त्यांच्या साइट 'डॉट बँक डॉट इन'ने संपणाऱ्या पत्त्यावर नेण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती. तुमच्या नोंदीत जुना पत्ता आहे, बँक नव्या पत्त्यावर गेली. पासवर्ड मॅनेजर साइटचं रंगरूप किंवा बोधचिन्ह बघत नाही, पत्त्यातलं मुख्य नाव अक्षर न् अक्षर ताडून बघतो. पत्ता जुळला नाही की तो गप्प बसतो. हुबेहूब दिसणारी खोटी साइट माणसाला फसवते, पण ऑटोफिलला फसवू शकत नाही, ते याच कारणामुळे.

म्हणूनच घाईने पासवर्ड कॉपी करून पेस्ट करू नका. आधी पत्ता तपासा. बँकेची साइट एसएमएसमधल्या दुव्यावरून उघडू नका, पासबुकवर किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरावर विचारून खात्री करा. ॲड्रेस बारमध्ये 'डॉट कॉम', 'डॉट इन' असल्या शेपटाच्या आधी काय आहे ते उजवीकडून डावीकडे वाचा. सुरुवातीच्या जोड तिरप्या रेघा सोडून पुढच्या पहिल्या तिरप्या रेघेच्या लगेच आधी 'डॉट बँक डॉट इन' हवं, 'बँक'च्या आधीच्या डॉटसकट. 'बँक डॉट इन' मध्येच कुठेतरी येऊन पत्ता भलत्याच नावाने संपत असेल तर ती बँक नाही. 'डॉट बँक डॉट इन' हे पत्ते आयडीआरबीटी ही एकच संस्था देते आणि ते बँकांनाच मिळतात, त्यामुळे ही शेपटी भरवशाची आहे.

खात्री झाली की नवी नोंद करू नका. जुनी नोंद 'एडिट' करून तिथे आणखी एक वेबसाइट पत्ता जोडा, जतन करा, आणि लॉगिन नीट झाल्यावर जुना पत्ता काढून टाका. दोन नोंदी ठेवल्या तर पुढच्या वेळी पासवर्ड बदलताना एकीत बदलाल आणि दुसरीतला जुना पासवर्ड टाकत बसाल. तीन चुका झाल्या की खातं दिवसभर बंद, हा अनुभव बँकेत रांग लावणाऱ्यांना नवा नाही.

याच्या उलट त्रास सरकारी साइटवर होतो. महाडीबीटीचा पत्ता 'महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन'ने संपतो आणि राज्याच्या इतर अनेक विभागांचाही. त्यामुळे एका ठिकाणी भलत्याच विभागांच्या नोंदींची रांग दिसते. त्या नोंदींमध्ये वेबसाइटच्या पत्त्याशेजारी 'मॅच डिटेक्शन' असतं. तिथे 'बेस डोमेन'ऐवजी 'होस्ट' निवडा. मग पूर्ण पत्ता जुळेल तीच नोंद येईल.

प्रश्न: आमचा छोटा कारखाना आहे. जीएसटी, ई-वे बिल, कंपनीचा ईमेल, ग्राहक कंपन्यांची व्हेंडर पोर्टल, सगळ्याचे पासवर्ड व्हॉट्सॲप ग्रुपवर आहेत. नीट कसं लावावं? (लघुउद्योजक, अंबड)

पहिलं काम पासवर्ड वाटून घेणं बंद करण्याचं, पासवर्ड मॅनेजर त्यानंतर. ई-वे बिल पोर्टलवर 'युजर मॅनेजमेंट'मध्ये सब-युजर तयार करता येतो. डिस्पॅचला बसणाऱ्याला फक्त बिल काढण्याचा अधिकार द्या, मुख्य लॉगिन त्याच्या हाती कशाला? बँकेतही चालू खात्याला एकाने व्यवहार भरायचा आणि दुसऱ्याने मंजूर करायचा, अशी दोन लॉगिनची सोय मिळते का विचारा. जिथे वेगळं लॉगिन मिळतं तिथे ते घ्याच. मग जी थोडी पोर्टल खरोखर सामायिक उरतात, तेवढीच सामायिक व्हॉल्टमध्ये टाका.

बिटवॉर्डनच्या मोफत योजनेत दोनच माणसं आणि दोनच कलेक्शन (सामायिक नोंदींचे कप्पे) मिळतात. मालक आणि अकाउंटंट एवढ्यावर भागत असेल तर ठीक, नाहीतर माणशी दर महिन्याचे पैसे भरून वरची योजना घ्यावी लागेल. कलेक्शन माणसांच्या नावाने करू नका, कामाच्या नावाने करा: कर, खरेदी-विक्री. माणूस बदलतो, काम तेच राहतं. नोंदीच्या नावात पोर्टल आणि फर्म दोन्ही लिहा, कारण दोन फर्म असल्या की 'जीएसटी' नावाच्या दोन नोंदी शेजारी येतात आणि भलत्याच फर्मचा रिटर्न उघडतो. टिपणात लिहा: ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो, पासवर्ड शेवटचा कधी बदलला, सीएकडे कुठला आहे. सीएने पासवर्ड बदलला की त्याच दिवशी कळवायचं, हे आधीच बोलून ठेवा.

दोन अडचणी आधीच सांगतो. काही सरकारी पोर्टल १४-१५ अक्षरांपुढचा पासवर्ड घेत नाहीत. तिथे ॲपमधल्या पासवर्ड तयार करणाऱ्या जनरेटरमध्ये लांबी १४ करा, चिन्हं सुरू ठेवा, आणि नवा पासवर्ड लावल्यावर लगेच बाहेर पडून पुन्हा आत जाऊन बघा. दुसरं, शेअर करताना 'पासवर्ड लपवा' असा पर्याय दिसतो. तो पडद्यावरच लपवतो. ब्राउझरमध्ये भरला गेलेला पासवर्ड जाणकार माणूस बघू शकतो. म्हणून कुणी नोकरी सोडली की त्याला व्हॉल्टमधून काढून काम संपत नाही, त्याने वापरलेला प्रत्येक पासवर्ड बदलावा लागतो. व्हॉट्सॲपवर आजवर टाकलेले पासवर्डही याच हिशोबात धरा. मेसेज डिलीट केल्याने ते परत येत नाहीत, बदलावेच लागतील.

प्रश्न: क्रोममधले पासवर्ड नव्या ॲपमध्ये आणले. आता दोन्हीकडून विचारणा होते. (इंदिरानगर)

क्रोमच्या सेटिंगमध्ये पासवर्ड जतन करण्याचा पर्याय आणि आपोआप साइन-इन, दोन्ही बंद करा. फोनवर ऑटोफिल सेवा म्हणून नवं ॲप निवडा. आणि आज रात्रीच एक काम करा: आणताना तयार झालेली सीएसव्ही फाइल 'डाउनलोड्स'मध्ये शोधा. ती साधी, उघडी फाइल आहे, कुणीही एक्सेलमध्ये उघडून तुमचे सगळे पासवर्ड वाचू शकतो. ती काढा, रिसायकल बिन रिकामा करा, क्लाउडवर तिची प्रत गेली असेल तर तीही काढा.

प्रश्न: दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलावा का? (पंचवटी)

नाही. ठरावीक दिवसांनी बदलायची सक्ती करू नये, असं अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने २०१७ मध्येच सांगितलं. सक्ती झाली की माणसं शेवटचा आकडा एकाने वाढवतात. पासवर्ड फुटल्याचं कळलं, दुसऱ्या कुणाला माहीत झाला, किंवा संशयास्पद दुव्यावर टाइप केला, तर मात्र त्याच क्षणी बदला. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा.

प्रश्न: गावात नेट कमी, फॉर्म ई-सेवा केंद्रात भरावे लागतात. तिथे पासवर्ड मॅनेजर कसा वापरायचा? (द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका)

केंद्राच्या कॉम्प्युटरवर तुमचा व्हॉल्ट कधीच उघडू नका. स्वतःच्या फोनवर उघडा. आधी लॉगिन केलेलं असेल तर नेट नसतानाही व्हॉल्ट उघडून वाचता येतो, फक्त बदल करता येत नाहीत. तेवढा एक पासवर्ड बघून स्वतःच्या हाताने टाइप करा. ब्राउझरने 'जतन करू का' विचारलं तर नकार द्या. काम झालं की लॉग आउट करा आणि घरी येऊन तो पासवर्ड बदला.

जे पासवर्ड असे हाताने टाइप करावे लागतात, ते जनरेटरमध्ये शब्दांच्या प्रकारचे करा, म्हणजे चार-पाच शब्द आणि मध्ये रेघ. चिन्हांची खिचडी केंद्रातल्या झिजलेल्या कीबोर्डवर नीट उमटत नाही. लांबीची मर्यादा आडवी आली तर शब्दांऐवजी जनरेटरचा नेहमीचा, सुट्या अक्षरांचा पासवर्ड घ्या, पण एकसारखी दिसणारी अक्षरं टाळण्याचा पर्याय सुरू ठेवा.

याहून मोठा मुद्दा खातं कुणाच्या नावावर उघडलं गेलं याचा. बऱ्याच ठिकाणी केंद्रचालक घाईत स्वतःचा मोबाइल किंवा स्वतःचा ईमेल टाकून नोंदणी करतो. मग अनुदानाचा ओटीपी त्याच्याकडे जातो. प्रोफाइल उघडून मोबाइल आणि ईमेल तुमचाच आहे का बघा, नसेल तर तो बदलून घ्या. आणि तुमचं जुनं सिम बंद पडलं असेल तर ते ज्या ज्या खात्यांना जोडलं आहे तिथून आधी काढा. बंद झालेला नंबर किमान ९० दिवसांनी दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो आणि तुमचे ओटीपी त्याच्या फोनवर वाजू लागतात.

प्रश्न: सगळे व्यवहार मी बघतो. मला काही झालं तर पत्नीला यातलं काय आणि कसं मिळेल? (गंगापूर रोड)

बिटवॉर्डनच्या प्रीमियम योजनेत 'इमर्जन्सी ॲक्सेस' आहे. पत्नीने स्वतःचं मोफत खातं उघडायचं, तुम्ही तिला नेमायचं आणि प्रतीक्षेचा काळ ठरवायचा. तो एक ते ९० दिवसांत निवडता येतो. तिने विनंती केली आणि त्या काळात तुम्ही नकार दिला नाही तर तिला व्हॉल्ट बघता येतो. सात दिवस पुरेसे वाटतात. दवाखान्यात दाखल असताना विमा पॉलिसीचं लॉगिन लागलं तर ९० दिवस थांबणं परवडत नाही. नेमणूक तीन टप्प्यांत पूर्ण होते: तुमचं आमंत्रण, तिचा स्वीकार, मग तुमची शेवटची मंजुरी. हा शेवटचा टप्पा राहून जातो आणि सगळं अर्धवट पडतं. पैसे भरायचे नसतील तर वर सांगितलेला कागद तिला दाखवून ठेवा आणि ती तालीम एकदा तिच्या हातून करून घ्या. गूगल खात्याच्या सेटिंगमध्ये 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे. तिथे ३, ६, १२ किंवा १८ महिने खातं वापरलं गेलं नाही तर कुणाला कळवायचं, काय द्यायचं हे ठरवता येतं.

बँकेचं लॉगिन मात्र या कामासाठी नाही. खातेदाराच्या पश्चात त्याच्या पासवर्डने पैसे काढले तर वारसांमध्ये आणि बँकेशी वाद उभे राहतात. त्यासाठी नॉमिनीची नोंद असते. प्रत्येक खातं, ठेव, डीमॅट आणि विमा पॉलिसीवर नॉमिनी कोण आहे ते या आठवड्यात तपासा, आणि त्या त्या नोंदीच्या टिपणात नॉमिनीचं नाव, शाखा आणि कागद घरात कुठे ठेवला आहे ते लिहा. पत्नीला प्रत्यक्षात सर्वांत आधी लागणार आहे ते हेच टिपण.